आठ मीटर खालचा सूर

माझी आत्या मालन एक्केचाळीस दिवस बोलली नव्हती. तिच्या घशाला काही झाले नव्हते. रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून तिचे स्वरतंतू पाहून ते उत्तम असल्याचे लिहून दिले होते. तो कागद मीच आग्रहाने आणवला होता, आणि त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. कारण तिला बोलता येत नाही असे कोणी म्हणतच नव्हते. तिचा आवाज बावीत राहिला आहे, एवढेच सगळे म्हणत होते.

बाव म्हणजे विहीर. आम्ही कातळी. पावस गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आमची एकोणीस घरे आहेत, जगात इतरत्र कोठेही नाहीत. आमच्यात लग्नाची गाणी नाहीत, आरत्या नाहीत, जात्यावरच्या ओव्याही नाहीत. एकच गायन आहे, आणि ते जांभ्या दगडात खोदलेल्या एका अरुंद बावीत वर्षातून दोनदा होते, मार्गशीर्षात आणि चैत्रात. खालच्या घराची बाई कमरेला दोर बांधून, भिंतीत रोवलेल्या दगडांवर पाय देत, पाण्याच्या हातभर वरपर्यंत उतरते आणि तेथून एक लांबलचक, अर्थ नसलेल्या अक्षरांचे गाणे म्हणते. ही उतरण. ती संपली की वरच्या घराचा माणूस कठड्यावरून छातीपर्यंत आत वाकून एकच सूर लावतो. सूर बरोबर असेल तर बाव घुमते. कठड्याला टेकलेल्यांना ते कानांच्या आधी बरगड्यांत कळते. ही झेल. झेल मिळाली की बाई बोलते आणि वर येते. मिळाली नाही तर तिचा आवाज बावीत राहिला असे धरतात, आणि मिळेपर्यंत ती बोलत नाही.

यात देव नाही. मूर्ती, शेंदूर, नारळ, कोप यांपैकी काही नाही. देव असता तर माझे काम सोपे झाले असते. न झेललेली बाई बोलली तर काय होईल, असे कातळी माणसाला विचारा. तो गोंधळून तुमच्याकडे पाहील. काहीच होणार नाही. तसे करायचे नसते, एवढेच. एखादी गोष्ट खोटी ठरवायची तर आधी कोणी ती खरी असल्याचे म्हणावे लागते. येथे कोणी काही म्हणतच नव्हते.

या चैत्रात आत्या, लग्नाने खालच्या घरची झालेली, उतरली आणि तिने उतरण म्हटली. माझे वडील गंगाराम, अडतीस वर्षे झेल देत आलेले, कठड्यावर वाकले ते पुन्हा उठले नाहीत. हृदय बंद पडले. पुण्याहून मी पोहोचलो तेव्हा आत्या सख्ख्या भावाच्या प्रेताशी बसली होती. तिने हुंदकासुद्धा दिला नाही. इतर बायका मोकळ्या गळ्याने रडत होत्या आणि ज्या एकटीचा तो हक्क होता तिने ओठ मिटून घेतले होते. ते दृश्य मी नंतर अनेकदा मनात तपासून पाहिले. त्यात मला राग येण्यासारखे बरेच सापडले, पण हास्यास्पद काही सापडले नाही.

वरच्या घरात आता मी एकटा होतो.

मेच्या मध्यावर मी आठ दिवसांसाठी पुन्हा गावी आलो. सात जूनला मला नॉर्वेत बर्गनला, पाण्याखालच्या ध्वनीवर काम करणाऱ्या एका संस्थेत रुजू व्हायचे होते. करार तीन वर्षांचा होता. अशा जागा फार थोड्या असतात, आणि माझ्यासारख्यांना त्या मिळण्याची शक्यता त्याहून थोडी. मी निरोप घ्यायला आलो होतो, निदान तसे तिकिटावरून दिसत होते.

आत्या पडवीत फणस चिरत बसली होती. तिने तेल लावलेला हात पुसला आणि शेजारची पाटी उचलली. पाटी अंगणवाडीची होती. आत्या तेथे सेविका आहे. लिहिण्याबद्दल कातळी लोकांत कोणताही नियम नाही, कारण नियम ठरला तेव्हा कोणाला लिहिता येत नव्हते.

तिने लिहिले, "वाळलास."

"आत्या, जूनमध्ये अंगणवाडी उघडेल. सत्तावीस पोरं. काय करणार आहेस?"

"टाळ्या," तिने लिहिले.

"एप्रिलात तेच केलंन," आत्येबहीण तेजल आतून म्हणाली. ती रत्नागिरीला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर बोलून घरी येते. "पोरांना वाटलं नवीन खेळ हाय. तीसुद्धा बोलायची थांबली. आया आल्या भांडायला, आमच्या पोरांना काय केलंत म्हणून. वरून पर्यवेक्षिकाबाईंचं पत्र आलंय, सेविका बोलत नसेल तर जूनपास्नं दुसरी नेमू. ते दाखवलंन का तुला? नाय दाखवणार."

आत्याने पाटी पुसली.

"मी सांगितलं तर बोलशील?" मी विचारले.

तिने खडू उचलला. मग लिहिले, "सांगू नको. झेल दे." अक्षर मुलांना गिरवायला देतात तसे सुबक होते.

मी झेल का देत नव्हतो, हे सांगायला हवे. मला गाता येत नाही हे खरे आहे, पण कारण ते नव्हते. ज्याने एकदा झेल दिली तो झेलकरी झाला. मार्गशीर्षात आणि चैत्रात, दर वर्षी, तो कठड्यावर हवा. खालची बाई ठरल्या दिवशी उतरतेच. वर कोणी नसले तरी उतरते. माझ्या वडिलांना तरुणपणी पोफळीला वीजगृहात नोकरी लागली होती, वसाहतीत खोलीही मिळाली होती. अडीच वर्षांत दोनदा त्यांना दिवस गाठता आला नाही. पहिल्या वेळी तेव्हाची खालची बाई, म्हणजे आत्याची सासू, सोळा दिवस गप्प राहिली. दुसऱ्या वेळी तेवीस. त्यानंतर ते नोकरी सोडून आले आणि पुढे आंब्याच्या कलमांना पाणी घालत राहिले. कोणी त्यांना परत बोलावले नव्हते. कोणी बोलावत नसते, हीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

दुसऱ्या दिवशी मी दत्तारामतात्यांकडे गेलो. वय ब्याऐंशी. तेवीस वर्षे मालवाहू बोटीवर खलाशी होते, आता नियमांविषयी शेवटचा शब्द त्यांचा. ते बावीच्या कठड्यावर बसून दात कोरत होते.

"तात्या, झेल म्हणजे नक्की काय?"

"आता विचारतोस? बापाचं तेरावं होऊन महिना झाला."

"आता गरज पडली."

"झेल म्हंजे त्या दिवसाच्या पाण्याचा सूर. तो सापडला की झाली झेल."

"म्हणजे आवाज कोणाचा हे महत्त्वाचं नाही?"

त्यांनी काडी बाजूला ठेवली. "वरच्या घराचा पायजे. तुझ्या बापाचा आवाज फुटक्या डब्यासारखा होता. बावीला चालायचा. बाव घुमली पायजे, बाकी काय."

"मग तेजल का नाही?"

"ती खालच्या घरची. खालच्यानं आपलाच आवाज आपणच झेलायचा, मग त्याला झेल कशाला म्हणायची? मी रॉटरडॅमला एक माणूस बघितला होता, आपल्याआपणच बुद्धिबळ खेळायचा. दर वेळी जिंकायचा."

मी हा संवाद जवळजवळ शब्दशः दिला आहे, कारण त्याच्या आधारावर मी एक योजना केली आणि ती मला निर्दोष वाटली. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी या बावीचा अभ्यास केला होता. बाव म्हणजे तळ बंद असलेली, तोंड उघडे असलेली एक नळी. तिच्यातल्या हवेच्या स्तंभाची उंची ठरली की ती कोणत्या कंपनांना घुमेल हे ठरते. साध्या भागाकाराचा प्रश्न आहे. त्या वेळी बाबांची झेल मी उत्तम ध्वनिग्राहकावर मुद्रित केली होती. आवाज वरच्या घराचा होता आणि बाव त्याला घुमली होती. दोन्ही अटी पूर्ण होत होत्या. मृत माणूस झेलकरी राहील, आत्या बोलेल, मी जाईन. पुढच्या मार्गशीर्षात तेजल कळ दाबेल.

मी हे सांगितल्यावर तात्यांनी काडी पुन्हा उचलली. "गंगारामचाच आवाज?"

"त्याचाच."

"घुमली तर मी नाय कशाला म्हणू," ते म्हणाले.

तेजलने लग्नसमारंभांना भाड्याने देतात तसला एक मोठा ध्वनिवर्धक मिळवला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आम्ही बावीवर जमलो. बारा-पंधरा माणसे होती. आत्याच्या कमरेला दोर बांधला गेला. तो धरायला शेजारच्या चंपाकाकू आणि त्यांची सून. आत्या एकसष्ट वर्षांची आहे. मेमध्ये पाणी फार खाली जाते आणि चैत्रातल्यापेक्षा जास्त दगड उतरावे लागतात. तिने एकदा वर पाहिले आणि उतरू लागली. तिच्या बांगड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तिने उतरण पुन्हा म्हटली नाही. ती चैत्रातलीच अजून बावीत होती. दोर सैल झाला. मी ध्वनिवर्धक कठड्याच्या आत, वाकलेल्या माणसाचे तोंड असते त्या पातळीवर टांगला आणि कळ दाबली.

बाबांचा आवाज आला. फुटक्या डब्यासारखा, अगदी तसाच. चंपाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. अकरा सेकंद तो सूर बावीत उतरत राहिला आणि बावीने त्याचे काहीही केले नाही. मी दोन्ही तळवे कठड्यावर टेकवले होते. जांभा निर्जीव होता.

"परत लाव," तात्या म्हणाले.

मी आवाज वाढवून परत लावला. परत तेच. उलट मला असे वाटले की बाव तो सूर गिळते आहे.

"गंगाराम हाय," तात्या म्हणाले, "पण आजचा नाय."

तेव्हा मला माझी चूक कळली. ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही केली नसती. मुद्रण मार्गशीर्षातले होते. त्या दिवशी पाणी कठड्यापासून चार मीटर आणि काही सेंटिमीटर खाली होते, आणि बाबांचा सूर सेकंदाला एकशेपाच कंपनांचा होता. मी टेपला दगड बांधून सोडला. आज पाणी आठ मीटर सोळा सेंटिमीटरवर होते. म्हणजे जवळजवळ बरोबर दुप्पट. अशा नळीची लांबी दुप्पट केली की जुना घुमणारा सूर नव्या दोन घुमणाऱ्या सुरांच्या नेमका मध्ये येतो, जेथे ती सर्वांत कमी प्रतिसाद देते. संपूर्ण वर्षात बाबांचा तो सूर निष्प्रभ ठरावा असा एखादा आठवडा असेल, तर मी नेमका तोच निवडला होता. यात कोणाचा हात नव्हता. योगायोग होता. फक्त योगायोगाला इतकी अचूकता शोभत नाही, असे क्षणभर वाटून गेले. ही भावना मी नोंदवतो, तिला पुरावा मानत नाही.

"मी आईला वर घेऊ?" तेजलने विचारले.

"पाच मिनिटं थांब," मी म्हणालो. "दुरुस्त होईल."

दुरुस्ती खरोखर सोपी होती. मोबाइलवर मुद्रणाचा सूर खाली ओढून घ्यायचा. गणिताप्रमाणे एकशेपाचऐवजी साडेचौऱ्याण्णव. मी आकडा घातला. मात्र बाव म्हणजे प्रयोगशाळेतली नळी नव्हे. भिंती खडबडीत, मध्येच दगड, तळाशी थंड हवा आणि तोंडाशी तापलेली. खरा सूर गणिताच्या दोन-तीन कंपने इकडे किंवा तिकडे असणार. चुकीचा सूर तिसऱ्यांदा वाजवला तर तात्या उठून जातील, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. म्हणून आधी खरा आकडा शोधायला हवा होता. त्यासाठी बावीत एक सूर सोडून तो हळूहळू सरकवायचा आणि प्रतिसाद कोठे वाढतो ते पाहायचे. असे उपकरण माझ्याकडे पुण्याला आहे. येथे नव्हते.

मी कठड्यावरून छातीपर्यंत आत वाकलो आणि ओठ मिटून गुणगुणलो.

त्याचे वर्णन गाणे असे करता येणार नाही. मी मापन करीत होतो. खालून सुरुवात केली आणि सूर अगदी थोडाथोडा वर नेत गेलो, जसे जुन्या रेडिओवर केंद्र शोधतात. आधी काही नव्हते. शेवाळाचा वास होता, आणि फार खाली आत्याच्या पांढऱ्या साडीचा ठिपका. मग एका जागी माझा आवाज माझ्या हातून सुटल्यासारखा झाला. मी तेवढाच जोर लावत होतो, पण आवाज मोठा होत होता, आणि तो माझ्या तोंडातून येत नव्हता, खालून वर येत होता. छातीखालचा जांभा थरथरू लागला. मी सूर थोडा पुढे नेला. थरथर कमी झाली. मागे आणला, वाढली. कोणताही निरीक्षक हेच करील. सर्वोच्च बिंदू निश्चित करण्यासाठी तेथे काही सेकंद स्थिर राहावे लागते, आणि मी स्थिर राहिलो.

"पुरे रे," खालून आवाज आला. "मिळाला."

मी गप्प झालो. बाव आणखी क्षणभर घुमत राहिली.

एक्केचाळीस दिवस न वापरलेला तो आवाज घोगरा होता, आणि आत्याचा होता. माझ्या उजव्या हातात मोबाइल होता, त्याच्या पडद्यावर साडेचौऱ्याण्णव हा आकडा तसाच होता. कळ मी दाबलीच नव्हती.

"तात्या," मी वळून म्हणालो, "मी फक्त सूर तपासत होतो. अजून मुद्रण लावायचं आहे."

"कशाला?"

"झेल द्यायला."

"तुझा बाप पण असाच चाचपायचा," दत्तारामतात्या म्हणाले आणि काठीला रेटा देऊन उठले. "ओठ मिटून. आम्ही हसायचो. मी तुला सांगितलं होतं की, सूर सापडला की झाली झेल."

सांगितले होते. मी त्यांची व्याख्या मान्य केली होती, तिच्यावर योजना उभारली होती, आणि आता ती मला लागू होते म्हणून नाकारणे मला शक्य नव्हते. आवाज वरच्या घराचा होता. बाव घुमली होती. दोन्ही अटी पूर्ण होत होत्या.

आत्या वर आली ती बोलतच आली. दोर सोडेपर्यंत तिने चंपाकाकूंना, दोर फार ओढला, बरगडी मोडायची होती का, असे विचारले होते. तेजलला सांगितले की गेला महिनाभर तू वरण अळणी करतेस आणि ते पाटीवर लिहिण्याइतकी जागा नव्हती. मग ती कठड्यापाशी आली. बाबा वाकले होते त्या जागी हात ठेवून बसली आणि "दादा रे माझ्या" म्हणून मोठ्याने रडली. एक्केचाळीस दिवसांचे ते रडणे संपायला बराच वेळ लागला. कोणी तिला आवरले नाही. मी तेथेच उभा होतो. माझ्या शर्टावर छातीपाशी जांभ्याची लाल पट्टी उमटली होती.

घरी येताना तिने विचारले, "विमान कधी तुझं?"

"सात जूनला रुजू व्हायचंय. चारला निघेन."

"थंडी असेल तिथं."

"जूनमध्ये नसते एवढी."

"मार्गशीर्षात असेल." ती थोडे चालली. "जा तू. बापासारखं माघारी फिरू नको. त्याच्या पोफळीचं मला आजवर वाईट वाटतं."

"आणि तू? मार्गशीर्षात उतरू नकोस, आत्या. एक वर्ष नाही उतरलीस तर काय होणार आहे?"

"काय नाय होणार," ती म्हणाली. "मी आपली उतरेन. तू नसलास तर नसलास. गप्प बसायची आता सवय झालीय मला."

हे ती टोमणा म्हणून म्हणाली नाही. टोमणा असता तर मला उलट उत्तर देता आले असते. ती मला मोकळे करीत होती, आणि त्या वाक्यानंतर पायवाटेवर मला उजवीकडे किंवा डावीकडे जायला जागा उरली नव्हती.

"मी तेजलला गणित शिकवतो," मी म्हणालो. "टेप सोडायची, भागाकार करायचा, माझं मुद्रण लावायचं."

"आज गणितानं मिळाला का?" तेजलने मागून विचारले.

कठडा सोडण्याआधी तो सूर पुन्हा गुणगुणून मी मोबाइलवर मोजला होता. बाव घुमली तो सूर सत्त्याण्णवच्या थोडा खाली होता. गणित अडीच कंपनांनी चुकले होते, आणि तो फरक कोणत्या दिवशी किती असेल हे सांगणारे सूत्र माझ्याजवळ नाही. आठ-दहा वर्षांची मोजमापे जमली तर कदाचित तयार होईल. दर मार्गशीर्षात आणि चैत्रात, जागेवर घेतलेली मोजमापे.

"नाही," मी म्हणालो.

रविवारी दुपारी मी पडवीत बसून बर्गनच्या संस्थेच्या संकेतस्थळावर रजेचा अर्ज भरायला घेतला. आत अंगणवाडीच्या पत्राला उत्तर म्हणून आत्या पर्यवेक्षिकाबाईंशी फोनवर बोलत होती, आणि त्यांना बोलू देत नव्हती. अर्जात रजेचे प्रकार दिलेले होते. आजारपण, बालसंगोपन, विवाह यांतले काही लागू नव्हते. मी 'क्षेत्रीय मापन' निवडले. ते असत्य नाही. वारंवारता: वर्षातून दोनदा. पहिली तारीख: डिसेंबर. ठिकाण लिहिताना मी सड्याचे अक्षांश-रेखांश दिले.

शेवटचा रकाना मापन केव्हा संपणार याच्या तारखेचा आहे. तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही. मी तीन वर्षांनंतरची तारीख घातली आणि खोडली. तेजल खालच्या घरची पुढची उतरणारी आहे, वय एकोणतीस. तिच्या आजीने बहात्तराव्या वर्षापर्यंत उतरण म्हटली होती. मी वजाबाकी केली, त्रेचाळीस वर्षे आली. मिळालेले वर्ष त्या रकान्यातल्या यादीत नव्हते. यादी त्याच्या बरीच आधी संपत होती.

"आलं का जमून?" आत्याने आतून विचारले. "जेवायला ये, वरण निवतंय."

"आलो," मी म्हणालो. पडद्यावर रकान्याभोवती लाल चौकट आली होती आणि खाली लिहिले होते की ही माहिती भरणे आवश्यक आहे.